समेटानंतरचं सुतक

माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार कोणाचे, असं कुणी विचारलं तर मी काकूंचं नाव घेतो. आईवडील त्यानंतर येतात, आणि हे त्यांनाही माहीत आहे. काकू म्हणजे माझ्या वडिलांच्या चुलतभावाची बायको. धारला मुलींच्या सरकारी शाळेत त्या विज्ञान शिकवायच्या. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजची पायरी कोणी चढलं नव्हतं. बाबा आठवीपर्यंत शिकले आणि देवळात पूजेला लागले. मी बी.एस्सी. झालो, पीथमपूरला औषधांच्या कारखान्यात प्रयोगशाळेत लागलो, ते काकूंमुळे. आणि ज्या वर्षांत मी त्यांच्याकडे शिकायला जात होतो, त्या सगळ्या वर्षांत त्यांचं घर आमच्या घराशी बोलत नव्हतं.

भांडण देवळाचं होतं. आमच्या गल्लीच्या टोकाला विष्णूचं लहानसं देऊळ आहे. त्याची पूजा पणजोबांकडे होती, पुढे ती दोन मुलांत वाटली गेली. चैत्रापासून भाद्रपदापर्यंत थोरल्या घराची पाळी, म्हणजे काकांची. आश्विनापासून फाल्गुनापर्यंत आमची. वाटणी सरळ होती, पण ती करताना अधिक महिना कोणाच्या लक्षात आला नव्हता. दोन-तीन वर्षांनी येणारा हा जादा महिना विष्णूचा. त्या महिन्यात देऊळ भरून जातं. अनारसे, दीपदान, दुरून आलेली माणसं. आणि हा महिना बहुतेक वेळा चैत्र ते भाद्रपद यांच्यातच पडतो. म्हणजे काकांच्या पाळीत.

बाबांनी एकदा सुचवलं की हा महिना अर्धा-अर्धा करू. काका म्हणाले, "ज्याच्या पाळीत पडला त्याचा. पंचांग काय मी लिहितो?"

"मग वाटणी करणाऱ्यांनी तरी ते वाचलं होतं का?" बाबा म्हणाले.

वाटणी दोघांच्या वडिलांनी मिळून केली होती. काकांना ते लागलं. त्या दिवसापासून अबोला पडला, पुढे कोर्टात केस गेली. पाळी बदलायची तेव्हा देवळाची किल्ली हातात दिली जात नसे. कोपऱ्यावरच्या फुलवाल्याच्या दुकानात एक खिळा होता, त्याला ती टांगायची. दुसऱ्या घराने तिथून उचलायची.

एक गोष्ट मात्र अबोल्यातही तुटली नाही, ती म्हणजे सुतक. भाऊबंद एकच, त्यामुळे एका घरात माणूस गेलं की दुसऱ्या घरालाही दहा दिवस सुतक. मूल झालं की सोहेर, तेही तसंच. त्या दिवसांत दोन्ही घरांतल्या कोणालाच देवाला हात लावता यायचा नाही, उज्जैनहून तिसरा पुजारी बोलवावा लागायचा. म्हणून कितीही राग असला तरी जन्ममरणाची बातमी तासाभरात पोचवणं भाग होतं. ते काम फुलवाल्याकडे होतं. मरणाची बातमी तो आमच्या ओट्याखाली उभा राहून माळवीत सांगायचा, "पंडितजी, उनका यां गमी हुई गी. पूजा मत करजो." बाबा सोवळं सोडून ठेवायचे. माझ्या धाकट्या भावाला मुलगा झाला तो नेमका गोकुळाष्टमीच्या आदल्या दिवशी, काकांच्या पाळीत. वर्षातला सगळ्यांत मोठा दिवस त्यांच्या हातून गेला. काका म्हणाले म्हणे, "यांची पोरंही मुहूर्त बघून जन्मतात." बाबांना ते कळलं तेव्हा ते दोन दिवस खुशीत होते.

मी नववीत असताना काकूंनी मला देवळाच्या ओट्यावर पुस्तक घेऊन बसलेलं पाहिलं. मी रसायनशास्त्राचं एक समीकरण पाठ करत होतो, चुकीचं. त्या थांबल्या, म्हणाल्या, "हे पाठ करायचं नसतं. उद्यापासून संध्याकाळी ये."

घरी आईने हळूच विषय काढला. बाबा बराच वेळ जानवं चाचपत बसले. मग म्हणाले, "जायचं तर जाऊ दे. तिकडचं पाणी प्यायचं नाही."

काकूंना हे कोणी सांगितलं नव्हतं, तरी त्यांना ठाऊक होतं. एवढ्या वर्षांत त्यांनी मला एकदाही पाणी विचारलं नाही. उन्हाळ्यात माझा घसा कोरडा पडला की म्हणायच्या, "घरी जाऊन पाणी पिऊन ये. तेवढेच पाय मोकळे होतील." काका आतल्या खोलीत वर्तमानपत्र वाचत असायचे. ते माझ्याशी बोलले नाहीत, पण मी असताना रेडिओ बंद ठेवायचे.

आमच्या शाळा हिंदी माध्यमाच्या. मराठी मी घरात बोलायचो, वाचायला अडखळायचो. काकूंनी विज्ञानाबरोबर तेही शिकवलं. म्हणायच्या, आपण माळव्यातली माणसं, आपली मराठी जुनी आहे आणि अर्धी उरली आहे, निदान ती अर्धी तरी नीट लिहावी. एकदा मी निबंधात लिहिलं की दोन राज्यांत दिलजमाई झाली. त्यांनी ते खोडलं. "राज्यांचा तह होतो. समेट होतो. दिलजमाई माणसांची. आणि ती झाली की कागद लागत नाही."

बारावीनंतर त्यांनीच मला देवासला आपल्या भावाकडे ठेवलं, तिथल्या कॉलेजात घातलं. ते घर जुनं दरबारी. मी त्यांना मामा म्हणायचो. बाबांनी परवानगी दिली ती या शब्दांत: "देवासवाल्यांशी आपलं काही नाही." मामा संस्थानच्या गोष्टी सांगायचे. देवासला एकाच गावात दोन राजे होते, थोरली पाती आणि धाकटी पाती. "पटायचं नाही रे त्यांचं," मामा म्हणायचे, "पण लग्नकार्यात मानपान चुकला असं कधी झालं नाही. भांडायचं तर माणूस ओळखीचा लागतो." टेकडीवर दोन देवी आहेत, बहिणी. भांडून दोन दिशांना निघाल्या आणि कोणीतरी विनवलं तेव्हा होत्या तिथेच थांबल्या. मामा नमस्कार करता करता म्हणाले होते, "मिटलं असं कोणी म्हणत नाही बघ. थांबल्या, एवढंच."

मला मात्र वाटायचं की आपल्या घरांचं मिटेल. नोकरी लागली तेव्हा मी मनाशी ठरवलं होतं की काकूंचं आणखी काही करता आलं नाही तरी एवढं करायचं. दोन भाऊ एका पंगतीला बसलेले त्यांना दाखवायचे.

सुरुवात माझ्यामुळे झाली नाही. कोरोनाच्या वर्षी अधिक महिना आश्विनात पडला. माझ्या कळत्या वयात तो पहिल्यांदा आमच्या पाळीत आला, आणि देवळाच्या दाराला दोरी बांधलेली. माणसं येतच नव्हती. बाबा एकटेच दिवे लावायचे आणि एकटेच बसायचे. एका संध्याकाळी काका आपल्या घराच्या ओट्यावरून बघत होते. म्हणाले, "यंदा तुझा महिना होता रे."

बाबा म्हणाले, "हो. घे, अर्धा तुझा."

दोघं हसले, असं आई सांगते. मी तिथे नव्हतो.

त्यानंतर दोघांच्याही लक्षात आलं असावं की आपण थकलो आहोत. पुढच्या वर्षी वकिलाकडे बैठक झाली. मी बाबांना घेऊन गेलो. वकील इंदूरचा, हिंदी बोलणारा, भला माणूस. अधिक महिन्याचं पाच मिनिटांत ठरलं. शुक्ल पक्ष थोरल्या घराचा, कृष्ण पक्ष आमचा. मग त्याने विचारलं, "और झगड़ा किस बात पर होता है?"

दोघंही एकदम सुतकाबद्दल बोलायला लागले. निरोप उशिरा दिला, मुद्दाम दिला, तिसऱ्या पुजाऱ्याला जेवायला कोणी घालायचं, मोठ्या सणाच्या तोंडावर पाळी हातची गेली. वकील ऐकत राहिला. मग म्हणाला, "तो लिख देते हैं पंडितजी, एक घर का सूतक दूसरे को नहीं लगेगा. भगवान की पूजा अखंड चलेगी. जो पूजा तोड़ेगा, उसकी उस साल की पाली गई."

काकांनी उज्जैनच्या गुरुजींना विचारलं. ते म्हणाले, शास्त्र असं सोडत नाही, पण तुम्हा दोघांना चालत असेल तर तुमचं तुम्ही बघा. दोघांना चाललं. दोघांनी सुलहनाम्यावर सह्या केल्या.

त्या संध्याकाळी काकूंनी बाबांना घरी चहाला बोलावलं. आधी पाणी दिलं. बाबांनी पेला तोंडाला लावला तेव्हा माझे डोळे भरून आले. गल्लीत फुलवाला म्हणत होता, "चलो भिया, मेल हुई ग्यो." काका म्हणाले, "मिटलं एकदाचं." निघताना मी काकूंच्या पाया पडलो. त्या दारात उभ्या होत्या.

"झालं ना काकू," मी म्हणालो.

"तह झाला," त्या म्हणाल्या. "बरं झालं. पण ते सुतकाचं कलम मला रुचलं नाही."

"पूजा अखंड राहील म्हणून..."

"ते समजलं मला. भांडण मिटत असेल तर मी कशाला आड येऊ?"

त्यानंतरचे दिवस शांततेचे होते. मला वाटलं होतं तशी ती शांतता नव्हती. किल्ली आता हातात दिली जायची. भेटले की दोघं नमस्कार करायचे, रक्तदाबाच्या गोळ्यांबद्दल विचारायचे. पंगत कधी झाली नाही. मी दोनदा विषय काढला. बाबा म्हणाले, "आता काय अडलंय?" पूर्वी रोज जेवताना बाबा अर्धा तास काकांबद्दल बोलत असत. आज देवाला केशरी नेसवलं, बुधवारी कोणी केशरी नेसवतं का. आज आरतीत दुसरं कडवं गाळलं. आज खोकत होता, औषध घेत नसेल. तहानंतर बाबांनी काकांचं नाव काढणं सोडलं. आधी मला ते चांगलं लक्षण वाटलं.

मग काकांच्या मुलाला पुण्याला दुसरी मुलगी झाली. आम्हाला कळलं ते महिना उलटल्यावर, फुलवाल्याकडून, तेही सहज बोलता बोलता. आई चूल पुसत होती. ती म्हणाली, "भांडण होतं तेव्हा तासाभरात कळायचं."

काका गेले ते माघात, आमच्या पाळीत. सकाळी भावाचा फोन आला. मी शिफ्टच्या बसमधून उतरून धारची गाडी पकडली. वाटेत मला एकाच गोष्टीची धास्ती होती. काका गेल्याचं दुःख तर होतंच, पण मनात सारखं येत होतं, आज बाबा काय करतील.

बाबा आले होते. गल्लीतल्या चार माणसांबरोबर, त्यांच्यासारखेच, चपला हातात धरून उभे होते. खांदा द्यायलाही पुढे झाले नाहीत. मी त्यांच्याशेजारी चालत राहिलो. स्मशानात मुलाने अग्नी दिला. शेवटी गुरुजींनी तीळ आणि पाणी पुढे केलं, म्हणाले, "भाऊबंद कोण आहेत? पाणी द्यायला या."

कोणी हललं नाही. त्या घरात दुसरा पुरुष नव्हता. भाऊबंद म्हणजे आम्हीच. गुरुजी बाहेरचे, त्यांना कलम ठाऊक नव्हतं. त्यांनी पुन्हा विचारलं.

बाबा स्वतःच्या हातांकडे बघत होते. मी हळू म्हणालो, "बाबा, चला."

"पाणी दिलं की सुतक आलं," बाबा म्हणाले. "संध्याकाळची आरती आहे."

"एक वर्षाची पाळी जाईल. जाऊ दे."

"प्रश्न पाळीचा नाही. त्याने सही केली होती. मीही केली होती. तो असताना मोडलं नाही, आता तो गेल्यावर मोडू?"

बाबा खोटं बोलत नव्हते. भावाला दिलेला शब्द ते पाळत होते, आणि त्यासाठी भावाला पाणी द्यायचं टाळत होते.

"मग मी देतो," मी म्हणालो.

"दे. पण तू माझ्या घरातला. तुझं सुतक माझ्या घरात आलं तर तेच झालं. दहा दिवस घरी येऊ नकोस." आवाजात राग नव्हता.

मी पुढे गेलो, पाणी दिलं. काकांचा मुलगा माझ्याहून लहान आहे. विधी संपल्यावर तो जवळ आला आणि फार आदराने म्हणाला, "दादा, तुम्ही उगाच त्रास घेतलात. सुलहनाम्यात तसं नव्हतं ना." त्याचे डोळे सुजलेले होते. मला टोमणा मारायचा त्याचा हेतू नव्हता. कोणाचाच कोणाला त्रास होऊ नये, हेच तर ठरलं होतं.

घरी जाता येत नव्हतं, म्हणून गाडीची वेळ होईपर्यंत मी काकूंच्या अंगणात बसलो. बायकांच्या घोळक्यात काकू भिंतीला टेकून बसल्या होत्या. दिवेलागणीला देवळातली घंटा वाजली. रोजच्यासारखीच, मग शंख, मग बाबांच्या आवाजात आरती. अंगणातलं बोलणं थांबलं. काकूंनी मान वर केली. आरती संपेपर्यंत त्या तशाच राहिल्या.

"चुकली नाही," त्या म्हणाल्या. कोणत्या अर्थाने म्हणाल्या ते विचारायचं माझं धाडस झालं नाही.

पीथमपूरला नोकरीसाठी घेतलेल्या खोलीवर मी ते दिवस एकट्याने पाळले. माझी बायको धारला आईबाबांकडेच होती. मी चटईवर झोपायचो, दाढी करत नव्हतो. प्रयोगशाळेत शेजारच्या टेबलावरच्याने विचारलं, "क्या भिया, संन्यास ले रहे हो?"

"घर में गमी हो गई."

"कौन?"

"काका."

"सगे?"

"हां," मी म्हणालो.

घरी परतलो तेव्हा बाबा दारातच होते. "झाले दहा?" त्यांनी विचारलं. मी हो म्हणालो. म्हणजे त्यांनीही मोजले होते.

तेराव्यानंतर काकू देवासला मामांकडे राहायला गेल्या. मुलगा पुण्याला नेत होता, पण त्यांनी माळवा सोडला नाही. त्यांच्या घराची पाळी मुलाने पगारी पुजाऱ्याकडे दिली आहे. चैत्र लागला तेव्हा बाबांनी त्या तरुणाच्या हातात किल्ली ठेवली. तो बाबांना वाकून नमस्कार करतो, सगळं मान्य करतो. बुधवारी केशरी नेसवतो. बाबा दारातून बघतात आणि घरी येऊन गप्प बसतात. कोणाबद्दल बोलणार? दोन घरांत आता कसलाही ताण नाही. गल्लीतले लोक आमचं उदाहरण देतात की बघा, चुलतभाऊ असून कसं सामोपचाराने मिटवलं. सामोपचार, सलोखा, समेट, हे सगळे शब्द मी ऐकून घेतो. त्यांतला एकही खोटा नाही. पण काकूंना जे दाखवायचं मी ठरवलं होतं ते आता कधीच होणार नाही, आणि ज्यांच्यात ते व्हायचं होतं त्यांच्यातला एक गेला तेव्हा दुसऱ्याने घंटा वाजवली, एवढंच मला दिसत राहतं.

काकूंना मी फोन करत नाही. फोनवर त्या सगळं बरं आहे म्हणतात आणि ठेवून देतात. आषाढात मी त्यांना पत्र टाकलं. ते असं होतं:

"ती. काकूंना साष्टांग नमस्कार.

परवा पहाटे आम्हाला मुलगी झाली. धारच्या सरकारी दवाखान्यात. दोघी बऱ्या आहेत. मुलीचा रंग माझ्या आजीसारखा आहे असं आई म्हणते, मला तर अजून काही ओळखू येत नाही.

सध्या बाबांची पाळी नाही, त्यामुळे देवळात काही अडलं नाही. पगारी पुजाऱ्याला आमच्या सोहेराशी काही देणंघेणं नाही. तुमच्या घरालाही आता नाही. म्हणून कोणी तुम्हाला सांगायला निघालं नाही. फुलवाल्याने मला विचारलं, देवासला कळवायचं का. मी म्हणालो, मी लिहितो.

बाबांना सांगितलं की काकूंना पत्र टाकतो आहे. ते हो म्हणाले नाहीत, नकोही म्हणाले नाहीत. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं की तिकडे पाऊस झाला का. ते हल्ली फार कमी बोलतात. त्यांच्याबद्दल तुमच्या मनात काय आहे ते मी विचारत नाही, आणि त्यांना माफ करा असंही लिहीत नाही, कारण त्यांनी ठरल्याप्रमाणेच केलं.

काकू, मी तुम्हाला आशेचं काही लिहिणार नाही. दोन्ही घरं पुन्हा एक होतील असं मला वाटत नाही. ही मुलगी मोठी होईल तेव्हा तुम्ही माझ्यासाठी काय केलंत ते मी तिला सांगेन. ती ऐकून घेईल. पण तुमच्यासाठी तिला काही पाळावं लागणार नाही, आणि तिच्यासाठी तुम्हाला काही पाळावं लागत नाही. कोणाचं काही अडत नाही. मला त्याचंच वाईट वाटतं.

तुम्ही दहा दिवस देवाला हात लावू नका, असं सांगण्याचा हक्क आमच्याकडे उरलेला नाही. बातमी तेवढी कळवली आहे. उत्तर लिहिण्याचा त्रास घेऊ नये.

मामांना नमस्कार."